बुवांच्या कोटामागे

परत आल्यापासून जो भेटतो तो एकच विचारतो, “ती सगळ्यात उंच बिल्डिंग बघितलीत का?” बघितली. गाडीच्या काचेतून, मान वाकडी करून, आणि तीही अर्धीच; कारण त्या वेळी माझ्या मांडीवर शंभरेक वर्षांपूर्वी वारलेल्या एका माणसाची छत्री होती आणि ती कुठे टेकवायची हे मला कुणी सांगितलं नव्हतं. लोक दुबईहून सोनं आणतात, खजूर आणतात, अत्तर आणतात. मी डोक्यात एक गुंता घेऊन आलो आहे. तो आहे तसा इथे मांडतो. कुणाला सुटला तर अवश्य कळवावं.

शारजा

नसीर परकार आणि मी दापोलीच्या शाळेत एका बाकावर बसायचो. पुढे तो आखातात गेला आणि मी साताऱ्यात व्हायोलिनच्या शिकवण्या धरल्या. शारजात त्याचं जुन्या लाकडी सामानाचं दुकान आहे: पेट्या, दरवाजे, आरशांच्या चौकटी. या हिवाळ्यात त्याचा फोन आला, “मास्तर, तू ये. तिकीट मी पाठवतो. मला अर्जंट व्हायोलिनवाला माणूस पाहिजे.”

मी मांडी घालून, व्हायोलिनचं टोक पावलावर टेकवून भीमपलास वाजवणारा माणूस. युरोपच्या संगीतातलं मला इतकंच ठाऊक की ते लोक खुर्चीत बसून वाजवतात आणि पुढे एक जण प्रेक्षकांना पाठ दाखवून काडी हलवतो. तसं मी नसीरला स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, “बस, तेवढं खूप झालं.”

झालं होतं असं. नसीरनं एका लिलावात पितळी पट्ट्यांची एक सुरेख जुनी ट्रंक घेतली. त्याला हवी होती फक्त ट्रंक. पण आत सामान निघालं, आणि ते निघालं युरोपातल्या एका नामांकित संगीतकाराचं. हे गृहस्थ स्वतः मोठमोठ्या रचना करत आणि वाद्यवृंदापुढे उभे राहून काडीही हलवत. त्यांच्या नावात जोडाक्षरांची अशी दाटी की मला ते शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही. म्हणून मी त्यांना मनातल्या मनात बुवा म्हणायला लागलो. गाण्याबजावण्यातला मोठा माणूस म्हणजे आपल्याकडे बुवाच.

तर दुबईत एक प्रदर्शन भरणार होतं आणि त्यात बुवांच्या वस्तू ठेवायच्या होत्या. नसीरला त्याचे पैसे काही मिळणार नव्हते. मिळणार होती ती काचेच्या कपाटाशेजारी एक पाटी: ‘नसीर परकार यांच्या संग्रहातून’. तो मला विमानतळावर घ्यायला आला तेव्हा गाडी चालवता चालवता ही ओळ त्यानं तीन भाषांत म्हणून दाखवली.

“चाळीस वर्षं लोकांची फर्निचरं पुसतोय, मास्तर,” तो म्हणाला. “माझं नाव कुठं आहे? दुकानावरपण इथल्या अरब स्पॉन्सरचं नाव. एकदा, बस एकदा, आपलं नाव लिहिलेलं बघायचंय. टेन्शन नको, संडेला पॅकिंगवाले येणार, वस्तू देऊन टाकायच्या, खलास.”

दुसऱ्या दिवशी प्रदर्शनाच्या रीमा नावाच्या लेबनानी बाई घरी आल्या. नसीरनं माझी ओळख ‘व्हायोलिन एक्सपर्ट फ्रॉम इंडिया’ अशी करून दिली. बाईंनी मला बुवांच्या कामाविषयी माझं मत विचारलं. मी म्हणालो, “फार मोठं काम.” बाईंनी गंभीरपणे मान हलवली. त्यानंतर त्या जे काही बोलत त्यात मधूनमधून माझ्याकडे बघत आणि मीही मान हलवत असे.

त्यांनी बुवांची कहाणी सांगितली. हिवाळाभर बुवा वाद्यवृंद चालवत. स्वभाव जमदग्नीचा, वाजवणाऱ्याची खुर्ची करकरली तरी त्याला हाकलून देत. उन्हाळ्यात तळ्याकाठी बसून स्वतःच्या रचना लिहीत. बायको गायिका होती. पण दोघांपैकी एकालाही दुसरा ऐकत असताना काम जमेना. म्हणून त्यांनी एकाच गल्लीत समोरासमोर दोन घरं घेतली. रोज संध्याकाळी बुवा जेवायला बायकोकडे जात, जेवण झालं की खुंटीवरचा ओव्हरकोट चढवून गल्ली ओलांडत आणि आपल्या घरी झोपत. असा संसार वर्षानुवर्षं चालला. एके दिवशी जेवता जेवताच बुवांना कसंतरी झालं. शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पलीकडे नेलं आणि तिकडेच ते गेले. कोट इकडे राहिला. बाईनं तो स्वतः मरेपर्यंत खुंटीवरून काढला नाही.

“आम्ही ती खुंटीच पुन्हा उभी करणार आहोत,” रीमाबाई म्हणाल्या. “सगळं प्रदर्शन त्या कोटाभोवती आहे.”

नसीरनं ट्रंक उघडली. काडी होती. नाकावर चिमट्यासारखा बसणारा चष्मा होता. गोळ्यांची चांदीची डबी होती, कंगवा होता. कोट नव्हता. यादीतले बूटही नव्हते, छत्रीही नव्हती.

नसीरचा चेहरा पडला, पण तो धंदेवाला माणूस. “ड्राय क्लीनिंग,” तो म्हणाला आणि माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्या दिवशी मान हलवण्याची मला सवयच लागली होती.

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून चाची म्हणाल्या, “मी दिला तो.”

चाची म्हणजे नसीरच्या अम्मी. वय ऐंशीच्या पुढे, दात सगळे स्वतःचे आणि मत त्याहून पक्कं. दापोलीत त्यांच्या हातच्या सांदणांवर मी वाढलोय, त्यामुळे मला त्या अजून बंड्याच म्हणतात. रीमाबाईंना मराठी येत नाही हे आमचं नशीब.

बाई गेल्यावर नसीर खाली बसला. “कुणाला दिलास, अम्मी?”

“सत्तारला. वॉचमनला. मेलेल्या माणसाचं कापड असं पेटीत घालून ठेवतात काय रे? गरजवंताला द्यायचं. त्या माणसाला सवाब मिळतो, पुण्य लागतं. काडी, चष्मा कोण नेणार, ते ठेवलं.”

आता यात चाचींचं काय चुकलं, हे मला सांगता येईना. आमच्याकडेही तेराव्याला छत्री, चपला, काठी दान करतात. मेलेल्याला पुढच्या वाटेवर उपयोगी पडावं म्हणून. त्या हिशोबानं बुवा इतकी वर्षं अनवाणी, उन्हापावसात, कुठेतरी अर्ध्या वाटेवर उभे असणार आणि चाचींनी त्यांची सुटका केली. दुसऱ्या हिशोबानं चाचींनी प्रदर्शनच उचलून वॉचमनला दिलं. दोन्ही हिशोब मला बरोबर वाटत होते. नसीरच्या नातीनं मोबाइलमधून डोकं वर काढून विचारलं, “बट हू इज द डेड मॅन? इज ही अवर रिलेटिव्ह?”

रात्री जेवताना मी चाचींना बुवांची सगळी कहाणी मराठीत सांगितली. त्यांनी सुरमईचा काटा बाजूला काढला.

“भांडण होतं दोघांत?”

“नाही म्हणतात.”

“मग वेगळी घरं कशाला?”

“एकमेकांच्या आवाजाचा त्रास.”

“आणि जेवायला मात्र हिच्याकडे.” त्यांनी थोडा विचार केला. “कोट ती काढत नव्हती, हे मला आधी कुणी सांगितलं नाही.”

मग त्या उठल्या. ताटात भात तसाच राहिला.

देरा

सत्तार वॉचमनची खरी वस्ती दुबईच्या जुन्या देरा भागात, मंडणगडच्या पोरांबरोबर एका खोलीत. आम्ही शुक्रवारी गेलो. ‘मी दिलं, मी येणार’ म्हणून चाचीही गाडीत बसल्या. खाली सोन्याची दुकानं अशी झगमगत होती की डोळे मिटावेत, आणि वरच्या मजल्यावर एका खोलीत एकावर एक पलंग. नमाजहून आलेली मंडळी जेवायला बसत होती. मला हाताला धरून बसवलं. कोकमाचं आंबट घातलेलं बांगड्याचं सार, भात, कच्चा कांदा. पुरुषांनी रांधलेलं इतकं चांगलं जेवण मी जन्मात जेवलो नाही. सत्तारनं एक ताट झाकून खाली गाडीत चाचींना नेऊन दिलं.

छत्री तिथेच होती. खिडकीत दोरीला टांगून तिच्या काड्यांवर मोजे वाळत घातले होते. नसीरनं ते मोजे एकेक करून काढले आणि छत्री माझ्या हातात दिली.

“आणि बूट?”

“गुहागरच्या अन्वरला दिलं,” सत्तार म्हणाला. “तो वार्फवर लाँचमध्ये माल चढवतो. चार दिवस घातलं त्यानं, मग तळ सुटला. फेकलं, शेठ. लय जुनं माल होतं.”

नसीरनं डोळे मिटून घेतले. मला मात्र वाटलं, तळ्याकाठी फिरलेले बूट अखेर पाण्याच्या काठीच संपले, हे काही वाईट नाही.

कोट देऱ्यात कुणाला घालवेना, इतका जाड. म्हणून सत्तारनं तो रास अल खैमाच्या दत्ताला दिला. हा दत्ता बीडकडचा. पूर्वी याच खोलीत राहायचा. मग रास अल खैमात टाइल्सच्या कारखान्यात लागला, आता डोंगरावर कुठल्याशा साइटची राखण करतो. “वरती थंडी लय,” सत्तार म्हणाला. “फोनवर रडत होता.”

खाली आलो तेव्हा चाची गाडीच्या बाहेर उभ्या राहून समोरच्या इमारतीकडे बघत होत्या. नसीर गाडी वळवायला गेला.

“इथं होते नसीरचे बाबा,” त्या मला म्हणाल्या. “तेव्हा ही बिल्डिंग नव्हती, दुसरी होती. दोन वर्षांनी एकदा गावी यायचे. बंड्या, तो तुझा बुवा गल्ली ओलांडायचा. आमच्या मध्ये समुंदर होता, एवढाच फरक.”

त्यांनी डोक्यावरची ओढणी नीट केली.

“गेले तेव्हा मी गावी. तार आली. मी येईस्तोवर खोलीतल्या माणसांनी त्यांचे कपडे देऊन टाकले होते. चांगल्यासाठीच दिले. इथं आल्यावर कितीतरी दिवस मी या रस्त्यावर माणसांचे सदरे बघत फिरायची. निळ्या चौकड्यांचा एक होता, मी शिवून घेतलेला. कुणीतरी घालून फिरत असेल. म्हटलं, बरं आहे, त्यांना सवाब लागला. बरं आहे.”

त्यांनी ‘बरं आहे’ हे दोनदा म्हटलं. मी ते तेव्हा खरं धरलं.

रास अल खैमा

शनिवारी सकाळी आम्ही उत्तरेला निघालो. वाटेत नसीरनं दत्तासाठी एक नवं जाकीट घेतलं. आतून लोकरीचं, चेनवालं, टोपीसकट. कोट परत मागायचा तर हात रिकामे नकोत, हा त्याचा विचार मला आवडला. त्यानं जाकिटाची किंमत दिरहममध्ये सांगितली आणि सवयीनं रुपयांतही.

रास अल खैमा आलं तशी सिमेंटच्या कारखान्यांची धूळ दिसायला लागली आणि धुळीच्या मागून डोंगर. आपला सह्याद्री कसा, झाडं नेसून उभा असतो. हा डोंगर पार उघडा. एक पान नाही, एक वेल नाही. नुसता तपकिरी दगड, घडीवर घडी. चाची म्हणाल्या, “याला कुणी काहीच दिलं नाही वाटतं.” गाडी वळणं घेत वर चढत गेली आणि काचा गार पडायला लागल्या. वर उतरलो तर वारा असा की नसीरची टोपी उडून दरीत गेली. वाळवंटात येताना मी स्वेटर आणला नव्हता. माझे दात वाजायला लागले.

दत्ता पत्र्याच्या केबिनबाहेर उभा होता. अंगात बुवांचा कोट. काळा, घोट्यापर्यंत लांब, गळ्याला फरची पट्टी. पट्टी कानापर्यंत ओढून घेतलेली, आणि डोक्याला मफलर. तोंडात तंबाखू. बुवा काही मी पाहिलेले नाहीत, पण वाद्यवृंदापुढे उभे राहताना ते यापेक्षा रुबाबदार दिसत असतील असं मला वाटत नाही.

“रामराम,” तो म्हणाला. मराठी ऐकून त्याला कोण आनंद झाला. आत नेऊन त्यानं आम्हाला डब्याच्या दुधाचा, आलं ठेचून घातलेला चहा दिला. कपाला हात शेकत मी नसीरकडे बघत होतो. आता हा मागेल, मग मागेल. नसीरनं तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं.

“कसा आहे कोट?” त्यानं विचारलं.

“जीव वाचवला बघा यानं,” दत्ता म्हणाला. “पहिल्या थंडीत मी नोकरी सोडून चाललो होतो.”

नसीरनं चहा खाली ठेवला. “ठेव मग,” तो म्हणाला. “मास्तर, चला. मी रीमाला सांगतो, हरवला.” पाटी गेली हे त्याला कळत होतं, मला कळत होतं. मला त्या क्षणी नसीरचा फार अभिमान वाटला. गोष्ट इथे संपली, आणि चांगली संपली, असं वाटून मी उठलो.

“बस खाली,” चाची म्हणाल्या. “कोट परत न्यायचा.”

आम्ही दोघं त्यांच्याकडे बघतच राहिलो. दिला यांनी, आणि न्यायचा म्हणतातही याच.

“अम्मी, दिलेलं परत घेत नाहीत, तूच म्हणतेस.”

“माझं असतं तर नसतं घेतलं. त्या माणसाचं असतं तरी नसतं घेतलं. तो त्या बाईचा होता. तिनं खुंटीवर ठेवला होता, कुणाला दिला नव्हता. मी कोण देणारी?” त्यांचा आवाज चढला. मी त्यांना जन्मात कधी आवाज चढवताना ऐकलं नव्हतं. “मला कुणी विचारलं होतं? सदरा मी शिवून घेतला होता. एक ठेवला असता माझ्यासाठी. एक. सगळे म्हणाले, चांगल्या कामाला गेलं. मीपण म्हणाले. इतकी वर्षं तेच म्हणतेय.”

केबिनचा पत्रा वाऱ्यानं वाजत होता. नसीर खाली मान घालून बसला होता. हे त्यानंही पहिल्यांदाच ऐकलं असावं.

मग चाची दत्ताकडे वळल्या. “बाबा, आता तो तुझ्या अंगात आहे. तू दे म्हणालास तरच नेईन. नाही म्हणालास तर नाही.”

दत्ताला यातलं काय समजलं देव जाणे. त्यानं विचारलं, “कुणा बाईचा आहे?”

“यांच्या ओळखीची एक बाई आहे,” मी म्हणालो. “तिच्या मालकांचा होता.” हे खोटं होतं की खरं, ते मला अजूनही ठरवता आलेलं नाही.

“मग न्या की,” दत्ता म्हणाला. “माझीबी बायको तिकडं एकटीच हाय. तिला सांगा, मी नीट वापरला. एक बटण तुटलं होतं, ते लावलंय.” त्यानं कोट उतरवून चाचींच्या हातात दिला आणि नवं जाकीट घातलं. चेन वर-खाली करून बघितली. खरं सांगायचं तर ते त्याला कोटापेक्षा जास्त आवडलं.

येताना कोट चाचींच्या मांडीवर होता. त्याला तंबाखूचा आणि आल्याच्या चहाचा वास येत होता.

पुन्हा शारजा

ट्रंक उघडीच होती, पण चाचींनी कोट तिच्यात ठेवू दिला नाही. त्यांच्या खोलीच्या दारामागे खुंटी आहे, तिथे टांगला. शारजात तेव्हा पंखा लागत होता.

रविवारी रीमाबाई पांढरे हातमोजे घातलेली दोन माणसं घेऊन आल्या. काडी, चष्मा, डबी, कंगवा, छत्री. सगळं कापसात गुंडाळलं. मग त्या माणसांनी कोटासाठी लांब खोकं उघडलं. नसीर खोलीच्या दाराशी गेला. सरळ आत जाऊन कोट काढून आणायचा होता, दोन पावलांचं काम. पण तो उंबऱ्यात थांबला.

“अम्मी,” तो म्हणाला, “नेऊ?”

आदल्या दिवशीनंतर हे विचारणं त्याला भाग होतं. उत्तर काय येणार याची त्याला शंका नसावी, आणि मलाही नव्हती. एवढा डोंगर चढलो ते कशासाठी?

चाचींनी कोटाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं.

“नको,” त्या म्हणाल्या.

नसीर हसला, मग त्याचं हसू गेलं. रीमाबाई माझ्याकडे वळल्या. शेवटी मी एक्सपर्ट. काय झालं, त्यांनी विचारलं. मी जमेल तसं इंग्रजीत सांगितलं की चाची म्हणतात, कोट बुवांच्या बायकोचा आहे आणि तिनं परवानगी दिलेली नाही. बाई म्हणाल्या, पण ती तर केव्हाच गेली. मी ते मराठीत चाचींना सांगितलं.

“मग तर प्रश्नच मिटला,” चाची म्हणाल्या. “तिला विचारता येत नाही. म्हणजे देता येत नाही.”

मी ते पुन्हा इंग्रजीत केलं. दोन्ही बाजूंचं म्हणणं मला पटत होतं आणि मध्ये उभा राहून मला घाम फुटला होता. एका खुंटीवरून काढून दुसऱ्या खुंटीवरच लावायचा होता, तर तो या खुंटीवर का नको, असं रीमाबाई शेवटी जरा रागानं म्हणाल्या. त्याचं भाषांतर मी केलं नाही.

नसीरनं लांब खोकं स्वतःच्या हातानं मिटवलं आणि त्या माणसांना म्हणाला, “यल्ला, चला, खलास. कोट नाही.”

दुबई

मी निघायच्या आदल्या दिवशी प्रदर्शन सुरू झालं. आम्ही तिघं गेलो. पांढऱ्या भिंती, मंद उजेड, आणि कुठूनतरी बुवांचं संगीत येत होतं. मी प्रामाणिकपणे ऐकलं. मध्येच इतकं हळू व्हायचं की संपलं असं वाटायचं, आणि मग सगळी वाद्यं एकदम अंगावर यायची. कुठला भाव धरायचा ते मला कळेना. पण एका जागी एकच व्हायोलिन कितीतरी वेळ एकटं वाजत राहिलं, तेव्हा माझी बोटं आपोआप तारा शोधायला लागली, हे खरं.

कोट नसल्यामुळे बुवांचं स्वतंत्र दालन रद्द झालं होतं. त्यांची काडी आणि चष्मा इतर चार जणांच्या वस्तूंबरोबर एका कपाटात, छत्री तर कुठे दिसलीच नाही. नसीरनं स्वतःचा चष्मा लावला आणि वाकून पाटी वाचली. पुन्हा वाचली. तिच्यावर ‘खाजगी संग्रह’ एवढंच होतं.

चाचींना वाचता येत नाही. त्यांनी विचारलं, “कुठं आहे तुझं नाव?”

“नाही,” नसीर म्हणाला.

“माझ्यामुळे?”

तो खोटं बोलेल असं मला वाटलं. पण तो थकला होता. “हो,” तो म्हणाला. “मी विचारलं ती चूक झाली, अम्मी. न विचारता दिला असता तर आज नाव असतं.”

चाचींनी त्याचा हात धरला, लहान मुलाचा रस्ता ओलांडताना धरतात तसा.

“न विचारता तर सगळेच देतात रे,” त्या म्हणाल्या. “मला विचारलंस तो तू एकटा.”